गौरीच्या जेवणाचं फळांचं तबक: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्याकडे गौरीच्या जेवणाला बावीस पानं असतात. पुरण काकूंकडे, सोळा भाज्यांचं खातं आई आणि आत्याकडे. मला पोळी लाटता येत नाही हे घरात सर्वमान्य असल्यामुळे सहा वर्षांपूर्वी फळांचं काम माझ्या गळ्यात पडलं. "फळं तर चिरायचीत, त्यात काय," असं सगळ्यांचं म्हणणं. मलाही तसंच वाटलं. सकाळी नऊला बसलो, दहापर्यंत सगळं चिरून स्टीलच्या परातीत गोल गोल रचून मोकळा झालो. फोटोही काढला. मग गुरुजी उशिरा आले, आरत्या लांबल्या, नैवेद्य झाला आणि पहिली पंगत बसायला पावणेदोन वाजले. तोवर सफरचंदं चहात बुडवून काढल्यासारखी दिसत होती, केळी काळी पडली होती आणि पपईला पाणी सुटलं होतं. त्या पाण्यात ड्रॅगन फ्रूटचा राणी रंग उतरून परातभर गुलाबी ओघळ झाले होते. काकूंनी डोकावून विचारलं, "हे काय रे, फळांची उसळ?"

चिरण्यात माझं फारसं चुकलं नव्हतं, वेळेत चुकलं होतं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात सुरीपेक्षा घड्याळ जास्त आहे. तुमच्याकडे हे काम पहिल्यांदाच आलं असेल, तर एकदा वाचून घ्या.

हाताशी काय हवं

- धार लावलेली एक मोठी आणि एक छोटी टोकदार सुरी. विळीवर हात बसला असेल तर विळी उत्तम, पण त्या दिवशी ती तुमच्या वाट्याला येणार नाही. भाज्यांवाले सोडत नाहीत.
- फक्त फळांसाठी वेगळा पाट किंवा चॉपिंग बोर्ड. हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. रोजच्या बोर्डाला कांदा-लसणाचा वास मुरलेला असतो. तो घासून जात नाही आणि पपईला पहिल्यांदा लागतो. शिवाय नैवेद्याच्या दिवशी कांदा-लसणाचा बोर्ड वापरलेला कुणी पाहिला तर वेगळंच महाभारत.
- घट्ट झाकणाचे तीन डबे, दोन पातेली, चाळणी, दोन कोरडी सुती फडकी.
- तीन-चार लिंबं, साधं मीठ, सैंधव.
- मोठं तबक किंवा परात, एक केळीचं पान, दोन खोलगट वाट्या, वाढायला चमचे आणि चिमटा.

१. फळं ठरवा, आणि पाचावर थांबा

रंगीत तबक म्हटलं की माणूस अकरा फळांची यादी करतो. मीही केली होती. पण पुरणपोळी, भजी, खीर आणि सोळा भाज्यांनंतर कुणी अकरा फळं चाखत नाही आणि तबक मात्र कल्ला केल्यासारखं दिसतं. चिरायची पाच फळं पुरतात. रंग एकमेकांपासून लांबचे निवडायचे, एवढंच.

भाद्रपदात आपल्याकडे जे चांगलं मिळतं त्यातून माझी यादी ठरून गेली आहे: केशरी पपई, पिवळा अननस, लाल डाळिंब, सालीसकट हिरवा पेरू आणि सालीसकट लाल सफरचंद. हिमाचलची नवी सफरचंदं तोवर बाजारात आलेली असतात. पेरू गुलाबी गराचा मिळाला तर सहावा रंग फुकटात मिळतो. याशिवाय न चिरता ठेवायची दोन फळं: वेलची केळी आणि सीताफळ.

मोसंबी माझ्या यादीतून बाद झाली. जालन्याची मोसंबी याच सुमाराला येते आणि चवीला छान असते, पण सोललेल्या फोडी तासाभरात वरून कोरड्या पडतात आणि तुटलेल्या फोडीचा रस कडवटतो. ती आदल्या दिवशी थकलेल्यांना रस काढून द्या, जास्त दुवा मिळेल. जांभळ्या रंगाचाही हट्ट सोडा, जांभळं आषाढातच संपलेली असतात. द्राक्षांचंही तेच. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिलची. भाद्रपदात दिसतात ती बहुधा बाहेरदेशची आणि महाग.

किवीबद्दल माझं मत वाईट आहे. तबकात ती फोटोसाठी असते आणि शेवटी उरते तीच. आपल्याकडच्या फळांत रंग कमी आहेत का? सोलापूरचं डाळिंब, बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, घोलवडचा चिकू, या सगळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ड्रॅगन फ्रूट मात्र आता परकं राहिलेलं नाही, सांगली-सोलापूरकडच्या कमी पाण्याच्या रानांत ते भरपूर होतं आणि याच दिवसांत येतं. घ्यायचं तर पांढऱ्या गराचं घ्या. लाल गराचं काय करतं ते वर सांगितलंच.

दुसऱ्या सणाला करत असाल तर यादी बदला: दिवाळीला सीताफळ आणि संत्री, संक्रांतीला बोरं, पेरू आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पाडव्याला द्राक्षं आणि कलिंगड. अमेरिकेत गौरी बसवणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे सप्टेंबरात पीच, प्लम आणि द्राक्षं असतात, तिचं तबक माझ्यापेक्षा देखणं होतं. फळ जिथलं आणि जेव्हाचं, तसं घ्या.

२. किती आणायचं

जड जेवणानंतर माणशी शंभर ग्रॅम चिरलेलं फळ पुष्कळ होतं. बावीस माणसांना सव्वादोन किलो. पण विकत घेतलेलं वजन आणि खायला मिळणारं वजन यांत मोठा फरक असतो. अननस साल, डोळे आणि दांडा काढला की जवळपास निम्मा उरतो. डाळिंबाचे दाणे वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास निघतात.

माझी खरेदी अशी असते: पपई एक, किलोभराची. अननस एक मोठा. डाळिंबं तीन मोठी. पेरू चार, त्यातला एक राखीव, कारण पुढे सांगतो. सफरचंदं दोन. वेलची केळी दोन डझन. सीताफळं सहा. देवापुढच्या पाच फळांचा हिशेब वेगळा.

३. खरेदी दोन दिवस आधी, आदल्या दिवशी नाही

गौरी आवाहनाच्या दिवशी मंडईत जाणं म्हणजे शिक्षा आहे. भाव चढलेले असतात, निवडायला वाव नसतो आणि मागून केवड्याची टोपली पाठीत घुसते. पण गर्दीपेक्षा महत्त्वाचं कारण वेगळं आहे. काही फळं घरी आणल्यावर पिकतात, काही पिकत नाहीत. पपई, केळी, सीताफळ घरी पिकतात, म्हणून ती थोडी कच्ची घेऊन दोन दिवस ठेवायची. अननस आणि डाळिंब झाडावरून उतरले की गोडी तिथेच थांबते. ती घेतानाच तयार हवीत.

*पपई:* तीन हिस्से पिवळी, एक हिस्सा हिरवी. देठापाशी अंगठ्याने दाबलं तर किंचित दबावी. पूर्ण पिवळी, मऊ पपई घेतलीत तर सणापर्यंत तिचा लगदा होईल.

*डाळिंब:* गुळगुळीत चेंडूसारखं गोल नको. तयार डाळिंब आतल्या दाण्यांच्या दाबाने थोडं चौकोनी, कडा आलेलं होतं. हातात जड लागलं पाहिजे. रंगावर जाऊ नका, वरून लालभडक असलेलं आतून फिकं निघू शकतं.

*अननस:* बुडाशी वास घ्या. वास नसेल तर ठेवून द्या. आंबूस, दारूसारखा वास आला तरी ठेवून द्या.

*सीताफळ:* डोळ्यांमधल्या भेगा रुंदावून पिवळसर झाल्या असतील तर ते तयार झालेलं आहे. घट्ट घ्या, घरी दोन दिवसांत पिकेल. कच्चं सीताफळ फ्रीजमध्ये ठेवू नका. काळं पडतं आणि मग पिकतच नाही.

*पेरू:* पावसाळी पेरूत अळी असते. नेहमीच नसते, पण असते. फळमाशी फळात अंडी घालते आणि बाहेरून बारीक टिंबापलीकडे काही दिसत नाही. हिवाळ्याच्या पेरूला हा त्रास बराच कमी. म्हणून चौथा पेरू राखीव, आणि प्रत्येक पेरू आधी मधोमध कापून, उजेडात धरून बघायचा. आमच्याकडे एकदा अळी निघाली ती नेमकी नव्या जावयाच्या ताटलीत. तो बिचारा काही बोलला नाही. आत्या अजून बोलते.

४. आदल्या रात्री

फ्रीजमध्ये जागा मागून घ्या. हे वाचताना हसू येईल, पण गौरीच्या आदल्या रात्री आमच्या फ्रीजमध्ये पुरण, खोवलेला नारळ, दूध, ओल्या फडक्यातल्या दुर्वा आणि जास्वंदीच्या कळ्या असतात. तिथे फळांचे तीन डबे आयत्या वेळी घुसवता येत नाहीत. दुपारीच सांगून एक कप्पा अडवा.

सगळी फळं चिरण्याआधी, अख्खी असतानाच, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. ज्याची साल काढायची तेही धुवा, कारण सुरी सालीवरची घाण आत नेते. साबण लावू नका. धुतल्यावर फडक्याने पुसून कोरडी करा. ओली फळं तबकाला पाणी सोडतात.

रात्री फक्त दोन फळं हाताळायची: डाळिंब आणि अननस. दोन्ही हवेने काळी पडत नाहीत आणि दोन्हीला वेळ लागतो. त्यामुळे सकाळचा तास वाचतो.

डाळिंब मधोमध चिरलंत तर दाणे कापले जातात आणि स्वयंपाकघरभर शिंतोडे उडतात. वरचा मुकुट सुरीच्या टोकाने गोल कापून झाकणासारखा उचला. आत पांढरे पडदे चांदणीसारखे मधून बाहेर गेलेले दिसतील. त्या प्रत्येक पडद्याच्या रेषेत सालीला वरून खाली हलकी चीर द्या, दाण्यापर्यंत जाऊ नका. मग दोन्ही अंगठे मध्ये घालून उघडा, पाकळ्यांसारखं सुटतं. पाण्याच्या पातेल्यात धरून दाणे अंगठ्याने सोडवा. दाणे तळाशी बसतात, पापुद्रे वर तरंगतात. वरचं पाणी ओतून द्या, दाणे चाळणीत निथळवा, फडक्यावर पसरा आणि मगच डब्यात भरा. एक डाळिंब, सात मिनिटं. पहिल्या वर्षी मला पंचवीस लागली होती.

अननसाचा तुरा आणि बूड कापून तो उभा करा. साल वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उतरवा, पण पातळच. डोळे जावेत म्हणून जाड साल काढली तर पाव अननस कचऱ्यात जातो. डोळे नीट पाहिलेत तर ते तिरक्या रेषेत असतात. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी धरून खाच पाडत गेलं की एका ओढीत चार-पाच डोळे निघतात आणि अननसावर छान वळणदार नक्षी उमटते. मग उभे चार भाग, मधला कडक दांडा काढायचा, फोडी करायच्या. मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून निथळवल्या तर जीभ कमी चरचरते, हे आजीचं.

आता सापळा. अननसाचा डबा दुधाशेजारी ठेवू नका. आमची एका वर्षीची बासुंदी अननसाच्या वासाची झाली होती, आणि ती कुणामुळे झाली हे शोधायला फार वेळ लागला नाही. अननस किंवा पपई दह्या-दुधात घालून ठेवण्याच्याही भानगडीत पडू नका. त्यांच्यातली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळात चव कडू होते.

५. देवाची फळं आधी बाजूला

पूजेच्या पाच फळांवर सुरी लागत नाही. ती सगळ्यात चांगली, डाग नसलेली, आदल्या रात्रीच वेगळ्या ताटलीत काढून ठेवा, नाहीतर सकाळी कुणीतरी तुमच्या पाचातलंच एक उचलून नेतं आणि तबकाचा एक रंग कमी होतो.

आणि नैवेद्याच्या आधी चाखायचं नाही. मला हे अवघड गेलं, कारण पपई फिकी आहे की गोड हे चाखल्याशिवाय कळणार कसं? कळत नाही. वासावर विश्वास ठेवायचा आणि लिंबाची फोड व सैंधव जवळ ठेवायचं. फिकी पपई त्या दोघांनी सावरते.

६. घड्याळ उलटं मांडा

घरात पंगतीची वेळ विचारा. "एक वाजता," असं उत्तर येईल. त्यात पाऊण तास मिळवा आणि तिथून मागे मोजा. पावणेदोनची पंगत धरली तर:

- साडेबारा: पपई. साल काढून, बिया खरवडून, जाड फोडी. पातळ केल्या तर पाणी सुटतं. डब्यात भरून फ्रीजमध्ये.
- एक: पेरू. उजेडात तपासून, लांबट फोडी.
- सव्वा: सफरचंद. अर्धा लिटर पाण्यात एक लिंबू पिळून ते पातेलं आधी तयार ठेवायचं आणि फोड कापली की थेट त्यात टाकायची. सगळं कापून झाल्यावर एकदम टाकीन म्हणालात तर पहिल्या फोडी तोवर तांबूस झालेल्या असतील. कापल्यावर फळातलं एन्झाइम हवेतल्या प्राणवायूला भेटतं, त्याने रंग बदलतो. लिंबाचं आम्ल आणि क जीवनसत्त्व त्याला रोखून धरतं. पाच मिनिटांनी काढून निथळवा. लिंबं संपली असतील, आणि त्या दिवशी संपतातच, तर लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठही चालतं, नंतर साध्या पाण्यातून काढायचं.
- दीड: मांडणी.

केळी कापायचीच नाहीत. वेलची केळी एका माणसाला एक पुरते, सोलायला सोपी, आणि सालीतलं केळं पंगतीपर्यंत काळं पडत नाही. सीताफळंही अख्खीच. पिकलेलं असलं की हाताने दोन भाग होतात, अर्धा भाग आणि चमचा द्यायचा. लहान मुलांना देताना बियांकडे लक्ष ठेवा.

आरती लांबली तर? डबे फ्रीजमध्येच राहू द्या. तबक भरून झाकून ठेवण्याचा मोह होतो, पण पावसाळी दमट हवेत चिरलेली फळं दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नयेत. गुरुजींनी शेवटची आरती सुरू केली की मी उठतो. "घालीन लोटांगण"पासून मला बारा मिनिटं मिळतात, आणि ती पुरतात.

७. मांडणी

तबकावर केळीचं पान पसरा, धुऊन पूर्ण पुसलेलं. हिरव्यावर केशरी आणि पिवळा रंग उठून दिसतो आणि धातूला फळाचं आंबट लागत नाही. मधोमध खोलगट वाटीत डाळिंबाचे दाणे. सुटे पसरू नका, ते घरंगळतात आणि शेजाऱ्यांना डाग लावतात. वाटीभोवती फळं वेगवेगळ्या ढिगांत ठेवा. पपई आणि अननस दोन्ही ओली आणि रंगाने जवळची, म्हणून समोरासमोर. त्यांच्या मध्ये एकीकडे पेरू, दुसरीकडे सफरचंद, साल वर दिसेल अशा बेताने. बाहेरच्या कडेने केळी.

फुलासारखं कापणं, टोपल्या कोरणं, हंस बनवणं, हे मी एकदा करून पाहिलं. हंसाला कुणी हात लावला नाही, म्हणजे अर्धं सफरचंद वाया.

साखर भुरभुरवू नका, चाट मसालाही वरून नको. घरात कुणाचा उपास असतो, कुणाचं मीठ बंद असतं. दुसऱ्या वाटीत सैंधव आणि लिंबाच्या फोडी ठेवा. ज्याला हवं तो घेईल.

८. वाढताना

तबक पानांमधून फिरवायचं असेल तर एकाने धरायचं आणि दुसऱ्याने चिमट्याने वाढायचं. एकट्याने दोन्ही करायला गेलात तर डाळिंबाची वाटी कुणाच्या तरी पैठणीवर. दुसऱ्या पंगतीसाठी निम्मी फळं डब्यातच राखून ठेवा आणि तबक पुन्हा भरा. पहिल्या पंगतीचं उरलेलं तबक दुसरीपुढे नेऊ नका, बायकांची पंगत अनेक घरांत दुसरी असते आणि त्यांनी सकाळपासून राबून तुमची मरगळलेली पपई का खावी?

उरलं तर

डाळिंब रात्रीच्या दहीभातात. केळ्यांचं शिकरण. सफरचंद आणि पेरू मीठ-तिखट लावून संध्याकाळी पत्ते खेळताना संपतात. अननस तुपावर परतून शिऱ्यात घाला. पपई ठेवू नका, त्याच दिवशी संपवा. आमच्याकडे ती मोलकरणीच्या मुलीला फार आवडते म्हणून मी आता चिरण्याआधीच पाव पपई तिच्यासाठी वेगळी काढतो, उरण्याची वाट न बघता.